आळेफाट्याच्या चार वाटा आणि छायाचित्रामागचे आकडे

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, तो जुन्नर तालुक्यातील आळेफाटा मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना बहुधा चहाच्या थांब्यापुरताच ठाऊक असतो. फार तर ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आळे गावात आहे, एवढे आठवते. कॅमेऱ्याची पिशवी पाठीवर घेऊन फिरणाऱ्यांना मात्र हा फाटा अधिक जवळचा आहे. येथून पश्चिमेला ओतूरमार्गे माळशेज आणि हरिश्चंद्रगड, त्याच बाजूला जुन्नर व नाणेघाट, दक्षिणेला नारायणगाव व खोडद, तर उत्तरेला घाटमाथ्यापलीकडे अकोले तालुका. पावसाळी धुके, कोरीव लेणी, रात्रीचे आकाश, काजवे, बैलगाड्यांचे घाट आणि उसातला बिबट्या हे सारे विषय एकाच दिवसाच्या प्रवासात येतात. प्रत्येकाचे तंत्र मात्र निराळे आहे.

चांगले छायाचित्र पाहिल्यावर हौशी माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न येतो, ‘सेटिंग काय होते?’ फिल्मच्या काळात याचे उत्तर छायाचित्रकाराच्या वहीत असे, किंवा नसेच. डिजिटल कॅमेरा आला आणि ही वही कॅमेराच लिहू लागला. १९९५ साली जपानमध्ये ठरलेल्या ‘एक्झिफ’ या पद्धतीनुसार प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये शटरचा वेग, अ‍ॅपर्चर, आयएसओ, लेन्स, तारीख आणि वेळ नोंदली जाते. मोबाइलमध्ये पुष्कळदा त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. ही शेवटची नोंद पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

या आकड्यांचा हिशेब मुळात सोपा आहे. शटर किती वेळ उघडे राहिले, लेन्सचे छिद्र किती मोठे होते आणि सेन्सरची संवेदनक्षमता किती वाढवली होती, या तीन गोष्टींवर चित्राचा उजेड ठरतो. आयएसओ तोच ठेवल्यास १/२५० सेकंद व एफ/८, १/५०० व एफ/५.६ किंवा १/१००० व एफ/४ या तिन्ही जोड्या सारखाच प्रकाश देतात. उजेड सारखा असला तरी चित्रे सारखी येत नाहीत. पहिल्यात मागचा डोंगरही रेखीव दिसेल, तर तिसऱ्यात उडणारा थेंब गोठेल. म्हणून नुसता आकडा उतरवून घेण्यात फारसा लाभ नसतो. तोच आकडा का निवडला, हे कळणे अधिक मोलाचे.

बिबट्या आणि तीन फ्लॅश

याचे उत्तम उदाहरण आळेफाट्यापासून दूर, मुंबईत घडले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमतर्फे होणाऱ्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागाचा पुरस्कार मुंबईच्या नयन खानोलकर यांना मिळाला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या आरे परिसरातील एका गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या त्यांनी टिपला होता. ही स्पर्धा विजेत्या चित्रासोबत कॅमेरा, लेन्स आणि सेटिंगही प्रसिद्ध करते. पण खानोलकरांच्या चित्राचे रहस्य त्या ओळीत पुरेसे सापडत नाही. गल्लीत एरवी जसा उजेड असतो तसाच भासावा अशा बेताने त्यांनी फ्लॅश लावले. बिबट्याने चित्र व्यापून टाकू नये, गल्लीही तितकीच दिसावी, अशी कॅमेऱ्याची जागा ठरवली. मनासारखे चित्र मिळायला चार महिने लागले. चार महिने हा आकडा कोणत्याही एक्झिफमध्ये उमटत नाही.

प्राण्याने स्वतःच आपले छायाचित्र काढावे, ही कल्पना तशी जुनी आहे. संयुक्त प्रांतातील वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात जंगलवाटेवर तार ताणून, तिला पाय लागताच फ्लॅश पेटेल अशी योजना केली आणि वाघांची रात्रीची छायाचित्रे मिळवली. त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ साली निघाले. आज तारेची जागा अवरक्त किरणांच्या अदृश्य रेषेने घेतली आहे. प्राणी ती रेषा ओलांडतो आणि शटर उघडते.

या पद्धतीत एकाच चित्रात दोन स्वतंत्र एक्सपोजर चाललेली असतात, हे नवशिक्याच्या ध्यानात चटकन येत नाही. गल्लीतला दिवा, दूरचे गाव, चांदणे यांचा उजेड शटरच्या वेगावर ठरतो. बिबट्याच्या अंगावरचा उजेड फ्लॅशच्या ताकदीवर ठरतो. साध्या फ्लॅशचा झोत पूर्ण ताकदीला साधारण १/१००० सेकंद टिकतो, सोळाव्या हिश्श्यावर आणल्यास १/१०००० सेकंदाच्या आसपास. म्हणून शटर मंद असूनही चालता बिबट्या रेखीव उमटतो. तीन फ्लॅश कमी ताकदीवर वेगवेगळ्या बाजूंनी लावणे हे एक फ्लॅश समोरून पूर्ण ताकदीने मारण्यापेक्षा चांगले, ते याचसाठी. चित्र सपाट होत नाही आणि प्राण्याचे डोळेही दिपत नाहीत.

फोकसचा प्रश्न उरतो. अंधारात कॅमेऱ्याला स्वतः फोकस करता येत नाही. तो आधी हाताने ठरवून लेन्सच्या कड्यावर चिकटपट्टी लावून टाकायची. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स आणि एफ/८ असेल तर सुमारे ३.६ मीटरवर फोकस ठेवावा. मग १.८ मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. अशा हिशेबाचे तक्ते छापील आणि मोबाइलवरही मिळतात, पण एकदा स्वतः मांडून पाहिला की विसरत नाही.

संशोधकांचे कॅमेरे दिसायला असेच, पण त्यांचा हेतू वेगळा. त्यांना देखणे चित्र नको असते, बिबट्याच्या अंगावरील ठिपके हवे असतात. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची मांडणी निराळी असते. एकाच बिबट्याची डावी आणि उजवी बाजूही सारखी नसते. त्यामुळे वाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर कॅमेरे लावून दोन्ही बाजू एकाच वेळी टिपाव्या लागतात. जुन्नरच्या डोंगराला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने केलेला अभ्यास २०१३ साली ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नव्हे, तर शेती आणि दाट वस्तीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस असल्याचे त्यातून दिसले. बिबट्या गावात ‘शिरला’ या शब्दप्रयोगाला त्या कॅमेऱ्यांनी चांगलाच छेद दिला. तो तेथेच राहात होता.

जागा सांगावी काय?

जुन्नर वन विभागात हा विषय छंदाचा राहात नाही. ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. वन खाते आणि माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्राची मंडळी ती पिल्ले तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात. मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाते आणि जवळ लावलेला कॅमेरा त्याची साक्ष देतो. यासाठी शेतात शांतता लागते. पिल्लांसोबत मोबाइलवर छायाचित्र घेण्यासाठी शंभर माणसे जमली, तर मादी फिरकत नाही आणि बिथरलेली मादी जवळच्या वस्तीसाठीही धोक्याची ठरते. छायाचित्रात नोंदलेले अक्षांश-रेखांश घेऊन दुसऱ्या दिवशी आणखी गर्दी येऊ शकते. बिबट्याच्या चित्राची सर्व सेटिंग सांगावीत, पण जागा सांगू नये आणि चित्र कोठेही देण्यापूर्वी फाइलमधील स्थाननोंद पुसावी, हा संकेत वन्यजीव छायाचित्रकार पाळतात तो यामुळेच. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि आमिष दाखवून प्राण्याला बोलावणे हे कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच मोडते. कॅमेऱ्यासमोर कोंबडी बांधणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह काही जणांचा बळी गेला. संतापलेल्या ग्रामस्थांनी रास्ता रोको केला. अशा भयाच्या वातावरणात मोबाइलवर आलेले एखादे चित्र खरे की बनावट, हा प्रश्न केवळ कलेचा राहात नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला बिबट्या कोणाच्याही अंगणात उभा करता येतो आणि ते चित्र घटकाभरात गावभर होते. वन कर्मचाऱ्यांची एक फेरी त्यामागे वाया गेली, तर खऱ्या ठिकाणी पोहोचायला तेवढाच उशीर होतो.

सेटिंग सांगण्याच्या प्रथेचा येथे एक अनपेक्षित उपयोग आहे. मूळ ‘रॉ’ फाइल, तिच्यातील नोंदी आणि आधी-नंतरच्या फ्रेम दाखवता येणे, हाच छायाचित्रकाराचा पुरावा होय. मोठ्या स्पर्धा अंतिम फेरीत मूळ फाइल मागतात. तरीही फसगत होतेच. लंडनच्या याच स्पर्धेत २००९ साली सर्वोच्च ठरलेले, कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचे चित्र पुढच्या वर्षी बाद झाले, कारण लांडगा बहुधा पाळीव असल्याचा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. २०१७ च्या एका विजेत्या चित्रातील मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचे ठरून तेही २०१८ मध्ये रद्द झाले. दोन्ही वेळा शटर आणि अ‍ॅपर्चरचे आकडे निर्दोषच होते.

नाणेघाट आणि कोकणकडा

पश्चिमेकडची वाट तुलनेने निर्धास्त आहे, निदान कड्याच्या टोकापासून चार पावले मागे राहणाऱ्यांसाठी. पावसाळ्यात कोकणातून वर चढणारा वारा नाणेघाटातील पाणी उलटे उडवतो. हा ‘उलटा धबधबा’ टिपताना बहुतेक जण शटर मंद ठेवतात, कारण धबधबा रेशमासारखा दिसावा अशी सवय झालेली असते. येथे ते फसते. पाणी वर जाते आहे हे कळण्यासाठी थेंब वेगळे दिसायला हवेत. १/१००० किंवा त्याहून जलद शटर आणि गरजेप्रमाणे आयएसओ ८०० ते १६००, असा हिशेब बरा. लेन्सवर तुषार बसतातच. लेन्सचे तोंड खाली ठेवायचे, पुसायचे, वर करून लगेच चित्र घ्यायचे. खिशात तीन-चार कोरडी फडकी हवीत. एक कधीच पुरत नाही.

त्याच घाटातील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. भारतीय अंकांच्या इतिहासात त्यातील आकड्यांना मोठे स्थान आहे. कर्नल साईक्स यांनी १८२८ च्या उन्हाळ्यात हा लेख पाहिला. तेव्हा छायाचित्रण प्रचारात आलेच नव्हते, अक्षरे हाताने उतरवून घ्यावी लागली. आज कॅमेरा असूनही अनेकांच्या चित्रांत ही अक्षरे दिसत नाहीत, कारण समोरून मारलेला फ्लॅश खोदकामाची सावली पुसून टाकतो. उपाय जुनाच आहे. कॅमेरा समोर स्थिर ठेवावा आणि विजेरीचा झोत भिंतीला जवळजवळ समांतर, डाव्या बाजूने टाकावा. मग उजव्या बाजूने, मग वरून. प्रत्येक वेळी वेगळे चित्र घ्यावे. एका चित्रात हरवलेली रेघ दुसऱ्यात सापडते. अक्षरे उठावीत म्हणून खडू घासणे किंवा पाणी मारणे हा मात्र दगडावरचा अत्याचार आहे. जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि ही युक्ती त्यांतील सर्व शिलालेखांना लागू पडते. संरक्षित लेण्यांत तिपाई लावण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याला विचारून घ्यावे.

साईक्स यांचे नाव हरिश्चंद्रगडावरही भेटते. कोकणकड्यावरून खालच्या धुक्यात दिसणारे वर्तुळाकार इंद्रधनुष्य, म्हणजे ‘इंद्रवज्र’, त्यांनी नोंदले. ते वर्णन त्यांच्या दख्खनच्या हवामानावरील निबंधात १८३५ साली प्रसिद्ध झाले. ते दिसण्यासाठी सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी आणि धुके समोर खाली हवे. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य गडाच्या माथ्यावर आल्यानंतरची सकाळ ही त्याची वेळ. वर्तुळाच्या मध्यभागी स्वतःचीच सावली असते. शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या सावलीभोवती वर्तुळ दिसते, त्यामुळे दोघांची चित्रे कधीच सारखी येत नाहीत. पांढऱ्या धुक्यामुळे कॅमेऱ्याचे मोजमाप चुकते आणि चित्र काळपट येते. अर्धी पायरी उजेड वाढवावा, अधिक वाढवल्यास रंग फिकटतात. ध्रुवण फिल्टर लावला असेल तर तो फिरवून पाहावा, कारण इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित असतो. चुकीच्या कोनात तोच फिल्टर धनुष्य नाहीसे करतो. हा परिसर अभयारण्याचा आहे, येथे ड्रोन उडवणे परवानगीशिवाय चालत नाही.

अंधारातले उजेड

महामार्गावरील ढाबे आणि पेट्रोल पंप मागे पडले की माळशेजच्या बाजूला आकाश अजून बऱ्यापैकी काळे मिळते. ताऱ्यांसाठी जुना ठोकताळा असा, की ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागावे. २० मिलिमीटरला २५ सेकंद. लहान सेन्सर असेल तर सतराच्याही आत. याहून अधिक वेळ शटर उघडे राहिले तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्याची रेघ होते. रेघाच हव्या असतील तर तिपाई उत्तरेला वळवावी. आळेफाटा सुमारे १९ अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण १९ अंशांवरच असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा. तीस सेकंदांच्या २४० फ्रेम म्हणजे दोन तास, आणि दोन तासांत प्रत्येक तारा ३० अंशांची कमान काढतो.

काजव्यांचे तंत्र याच जातीचे, मात्र त्यात प्रामाणिकपणाची कसोटी अधिक. मेअखेरीस आणि जूनच्या प्रारंभी, पाऊस स्थिरावण्यापूर्वी, भंडारदरा आणि पुरुषवाडीकडे छायाचित्रकारांची रीघ लागते. संधिप्रकाशात झाडांची एक फ्रेम घ्यायची, मग कॅमेरा न हलवता अंधारात एफ/२.८, आयएसओ १६०० ते ३२०० आणि वीस-तीस सेकंदांच्या अनेक फ्रेम. नंतर त्या सर्व संगणकावर एकत्र करायच्या. परिणामी झाड लाखो दिव्यांनी लगडल्यासारखे दिसते. डोळ्यांना असे दृश्य कधीच दिसत नाही. तमिळनाडूतील श्रीराम मुरली यांना २०२३ साली अनामलाईच्या काजव्यांसाठी लंडनचा पुरस्कार मिळाला, तेव्हा १९ सेकंदांची ५० एक्सपोजर एकत्र केली असून सोळा मिनिटांतील लुकलुक त्यात आहे, असे चित्राखाली स्पष्ट छापले होते. आपल्याकडील पर्यटनाच्या जाहिरातींत ही ओळ क्वचितच असते. मग शहरातून आलेली कुटुंबे चित्रासारखे काजवे दिसत नाहीत म्हणून विजेऱ्या पेटवतात, मोटारींचे दिवे टाकतात. काजव्यांचे चमकणे हे मीलनासाठीचे बोलावणे असते आणि त्या उजेडात ते हरवते.

घाट, फड आणि तबकड्या

जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या जत्रांतील बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. एक बारी दहा-बारा सेकंदांत संपते. गाडा सेकंदाला दहा मीटर पळतो असे धरले तर १/१००० सेकंदात तो एक सेंटिमीटर सरकतो आणि १/६० मध्ये सुमारे सतरा. पहिल्यात बैल पुतळ्यासारखे गोठतात. दुसऱ्यात, कॅमेरा बैलांसोबत फिरवत नेला तर, डोळे आणि शिंगे स्पष्ट राहून मागची गर्दी व धुळीचे पट्टे ओढले जातात. दहांत एखादे चित्र साधते. घाटाच्या वरच्या टोकाला, गाड्याच्या वाटेत, लेन्स रोखून उभे राहणाऱ्यांची हौस जिवावर बेतू शकते.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. चैत्राच्या जत्रांपूर्वी येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. संदेश भांडारे यांच्या ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या छायाचित्रांच्या पुस्तकाने या कलेचे मंचामागचे जग शहरी वाचकांसमोर आणले. रंगमंचावरील दिव्यांचा एक व्यावहारिक धडा येथे मिळतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवले तर चित्रावर आडवे पट्टे येत नाहीत. फ्लॅश मात्र बंदच ठेवावा. ढोलकीच्या तालावर पाऊल टाकणाऱ्या नर्तकीच्या डोळ्यांवर तो मारणे असभ्यपणाचे तर आहेच, शिवाय मंचाचा सगळा रंग त्यात धुऊन जातो.

नारायणगावपासून जवळच खोडदला ‘जीएमआरटी’ ही महादुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ एका चौरस किलोमीटरच्या परिसरात आणि १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. तबकड्या तारेच्या जाळीच्या असल्याने दुपारी त्या आकाशात विरून जातात. सूर्य त्यांच्या मागे कलला की जाळी आणि सांगाडा काळ्या रेघांनी उठून दिसतो, तीच त्यांची वेळ. येथे मोबाइल आणि वायरलेस रिमोट बंद ठेवून साध्या वायरचा रिमोट किंवा कॅमेऱ्याचा टायमर वापरावा, कारण अशा उपकरणांच्या लहरी दुर्बिणीच्या कामात अडथळा आणतात. फेब्रुवारीअखेरीस राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास येथे प्रदर्शन भरते, तेव्हा सर्वसामान्यांना आत जाता येते.

या तबकड्याही एका अर्थाने कॅमेराच आहेत. त्या तासन् तास आकाशातील एकाच बिंदूवर रोखलेल्या राहतात आणि पृथ्वीच्या फिरण्याने त्यांची मांडणी आकाशाच्या संदर्भात वळत जाते. त्या वळण्याचाच उपयोग करून संगणक रेडिओ-आकाशाचे चित्र उभे करतो. प्रत्येक निरीक्षणाच्या फाइलच्या आरंभी दिशा, वारंवारता, वेळ आणि उपकरणाची स्थिती नोंदलेली असते. ठरावीक मुदतीनंतर ही सारी सामग्री जगातील कोणाही अभ्यासकाला खुली होते.